प्रच्छन्न शस्त्रवहन : पिस्तुलाची निवड आणि प्रशिक्षण – अमेरिकेच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

आत्मसंरक्षणाचा हक्क जवळजवळ सर्वच विधिव्यवस्थांनी मान्य केलेला आहे. मात्र या हक्काच्या बजावणीसाठी सामान्य नागरिकाने भरलेले पिस्तूल कपड्यांखाली लपवून बाजारात, कार्यालयात वा प्रवासात सोबत बाळगावे काय, या प्रश्नाचे उत्तर देशोदेशी भिन्न आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या चार दशकांत हे उत्तर उत्तरोत्तर होकारार्थी होत गेले. आपल्याकडे अमेरिकेतील बंदुकांची चर्चा होते ती प्रामुख्याने सामूहिक हत्याकांडांच्या वृत्तांमुळे. प्रत्यक्षात तेथील बहुसंख्य शस्त्रधारक कोणते पिस्तूल निवडतात, ते अंगावर कसे वागवतात, त्यासाठी काय शिकतात आणि काय शिकत नाहीत, हा भाग त्या चर्चेत क्वचितच येतो.

प्रस्तुत लेखात या व्यवहाराची तांत्रिक व कायदेशीर बाजू समजावून घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यामागील मुख्य प्रतिपादन असे की, गेल्या चाळीस वर्षांत लपवून बाळगावयाचे शस्त्र अधिकाधिक लहान, हलके व वापरण्यास सोपे होत गेले. त्याच काळात अनेक राज्यांनी प्रशिक्षणाची अट शिथिल केली किंवा काढून टाकली. परिणामी, जी पात्रता पूर्वी शासन तपासत असे ती आता व्यक्तीने स्वतःच तपासावयाची झाली आहे. पिस्तुलाच्या निवडीचा प्रश्न या बदललेल्या परिस्थितीत पाहिल्याखेरीज नीट उलगडत नाही.

कायद्याची पार्श्वभूमी

अमेरिकन राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. परंतु तिच्या आधारे शस्त्र लपवून बाळगण्याचा हक्क आरंभापासून मान्य होता, असा समज असल्यास तो बरोबर नाही. १८१३ मध्ये केंटकी व लुईझियाना या राज्यांनी लपवून शस्त्र बाळगण्यास बंदी करणारे पहिले कायदे केले. कमरेला उघड दिसेल असे शस्त्र लावणे हे त्या काळी सरळपणाचे, तर कोटाखाली दडवणे हे मारेकऱ्याचे लक्षण मानले जाई. १९११ च्या सुलिव्हन कायद्याने न्यू यॉर्क राज्यात परवाना आवश्यक ठरला आणि पुढे बहुतेक राज्यांत परवाना देणे न देणे हे स्थानिक अधिकाऱ्याच्या विवेकावर, स्पष्टच सांगावयाचे तर मर्जीवर, अवलंबून राहिले.

या व्यवस्थेला महत्त्वाचा छेद दिला तो फ्लोरिडाच्या १९८७ च्या कायद्याने. विहित अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदारास परवाना देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक झाले, आणि पुढील दोन दशकांत बहुसंख्य राज्यांनी हा नमुना स्वीकारला. व्हरमाँट राज्यात तर परवान्याची पद्धत कधीच नव्हती. अलास्काने २००३ मध्ये आणि ॲरिझोनाने २०१० मध्ये परवान्याची सक्ती रद्द केली. टेक्सासने २०२१ मध्ये व फ्लोरिडाने २०२३ मध्ये तोच मार्ग धरला. २०२४ अखेर अशा राज्यांची संख्या २९ झाली. त्यांत केंटकी (२०१९) व लुईझियाना (२०२४) ही दोन्ही आहेत. ज्या दोन राज्यांनी शस्त्र लपवण्यास सर्वप्रथम बंदी केली, त्याच राज्यांत आज पात्र प्रौढ नागरिकास त्यासाठी परवाना लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात घरात पिस्तूल बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला, २०१० च्या मॅकडोनल्ड खटल्यात तो राज्यांवरही बंधनकारक केला आणि २०२२ च्या ब्रुएन खटल्यात तो घराबाहेर नेला. ब्रुएन निर्णयाने न्यू यॉर्कची 'विशेष कारण दाखवा' ही अट घटनाबाह्य ठरविली; परवाना व प्रशिक्षण मागण्याचा राज्यांचा अधिकार मात्र नाकारला नाही. म्हणूनच निर्णयानंतर न्यू यॉर्कने १६ तासांचे वर्गशिक्षण व २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव सक्तीचा केला. इलिनॉय राज्यातही १६ तासांची अट आहे. एकाच देशात, एकाच हक्कासाठी, एका राज्यात अठरा तासांचे शिक्षण तर दुसऱ्यात शून्य, अशी ही स्थिती आहे. २०२४ च्या राहिमी खटल्यात कौटुंबिक हिंसाचारामुळे न्यायालयीन प्रतिबंध असलेल्या व्यक्तीस निःशस्त्र करणे घटनासंमत ठरले, हेही येथे नोंदविले पाहिजे.

एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका महिलेने न्यू जर्सीत वाहतूक पोलिसाने गाडी थांबविली असता, आपल्याजवळ पिस्तूल असल्याचे आपण होऊन सांगितले आणि तिला अटक झाली. २०१५ मध्ये गव्हर्नरांनी तिला माफी दिली. राज्याची हद्द ओलांडताना कायदा बदलतो, हे न शिकल्याची किंमत दीड वर्षाची फरफट एवढी ठरली.

शस्त्राची निवड

पिस्तूल निवडताना ग्राहकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो गोळीच्या ताकदीचा. या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे एफबीआयचे आठ अधिकारी व दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. दोन अधिकारी मृत्युमुखी पडले व पाच जखमी झाले. चकमकीच्या आरंभीच एका दरोडेखोराच्या छातीत ९ मिलिमीटरची गोळी शिरली होती. परंतु ती हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली आणि तो त्यानंतरही रायफल चालवीत राहिला. या घटनेनंतर एफबीआयने गोळ्यांच्या परीक्षणाची पद्धत आखली. मानवी ऊतींसारखा प्रतिरोध करणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच आणि शक्यतो १८ इंचांपर्यंत शिरावी, हा निकष त्यातूनच रूढ झाला. १२ इंचांपेक्षा कमी म्हणजे अपुरी. १८ इंचांहून अधिक म्हणजे शरीराच्या आरपार जाऊन मागे उभ्या असलेल्या निरपराध व्यक्तीस लागण्याचा धोका.

पुढे एफबीआयने आधी १० मिलिमीटरची आणि नंतर १९९० साली आलेली .४० बोअरची काडतुसे स्वीकारली. ती जोरकस होती, पण त्यांचा धक्का अनेक अधिकाऱ्यांना पेलवेना, नेमबाजी बिघडली. दरम्यानच्या काळात ९ मिलिमीटरच्या गोळीची रचना इतकी सुधारली, की २०१० च्या दशकाच्या मध्यावर संस्था पुन्हा त्याच काडतुसाकडे वळली. जवळपास तीस वर्षांच्या या फेऱ्यातून निघालेला अर्थ साधा आहे. पिस्तुलाच्या कोणत्याही प्रचलित गोळीने माणूस तत्क्षणी कोसळेलच याची खात्री नसते. परिणाम ठरतो तो गोळी कोठे लागते यावर. म्हणून जे काडतूस त्या व्यक्तीस नेमकेपणाने व पुन्हा पुन्हा झाडता येते, तेच तिच्यासाठी योग्य. हा निकष दुकानाच्या काउंटरवर सहसा सांगितला जात नाही.

दुसरा प्रश्न आकाराचा. दीर्घकाळ या क्षेत्रात .३८ स्पेशल बोअरचे पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर प्रचलित होते. स्मिथ अँड वेसन कंपनीचे १९५० सालचे 'चीफ्स स्पेशल' हे त्याचे ठळक उदाहरण. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने गॅस्टन ग्लॉक यांचे पॉलिमरच्या सांगाड्याचे पिस्तूल स्वीकारले आणि १९८८ मध्ये त्याची आखूड आवृत्ती, ग्लॉक १९, आली. तिच्या मॅगझिनमध्ये १५ गोळ्या मावतात. त्यानंतरचा मोठा टप्पा २०१८ चा. सिग साऊरच्या पी ३६५ या पिस्तुलाने तळहाताएवढ्या आकारात १० गोळ्यांचे मॅगझिन बसविले, आणि मग इतर कंपन्यांनीही त्याच दिशेने धाव घेतली.

लहान पिस्तूल लपविणे सोपे, परंतु झाडणे अवघड, हे यातील मूलभूत द्वंद्व आहे. शस्त्राचे वजन कमी झाले की तोच धक्का हाताला अधिक जाणवतो. मूठ आखूड झाली की करंगळीला आधार उरत नाही. नळी आखूड झाली की पुढची व मागची नेमखूण यांतील अंतर घटते आणि नेमातील बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. अतिहलके रिव्हॉल्व्हर नवशिक्यास, विशेषतः स्त्रियांना, 'सोयीचे' म्हणून सुचविण्याची विक्रेत्यांची जुनी सवय आहे. ही सूचना बहुधा चुकीची ठरते. अशा शस्त्राचा धक्का त्रासदायक असतो, आणि ज्याचा त्रास होतो त्याचा सराव माणूस टाळतो. आणखी एक बारकावा येथे सांगण्यासारखा आहे. नळीची लांबी कमरेखाली पॅन्टच्या आत सहज सामावते; शर्टाखालून उंचवटा दिसतो तो मुठीचा. म्हणजे लपविण्याच्या दृष्टीने नळी आखूड करून फारसे साधत नाही, तरी दुकानात ग्राहक मोजतो ती नळीच.

तिसरा प्रश्न चापाचा. दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढण्यास सुमारे ५ किलो वा त्याहून अधिक जोर लागतो आणि तो लांबवर मागे यावा लागतो. ग्लॉकसारख्या पिस्तुलात हाच जोर सुमारे अडीच किलो असतो व अंतरही कमी. हलका चाप नेमाला अनुकूल, तर जड चाप अनवधानाने ओढला जाण्याची शक्यता कमी. काही पिस्तुलांना अंगठ्याने सरकविण्याची सुरक्षाकळ असते. तिच्याबाबत दोन्ही बाजूंनी हिरिरीने वाद होतात. व्यवहारात महत्त्वाचे एवढेच, की कळ असलेले पिस्तूल निवडल्यास ती सरकविणे प्रत्येक सरावात अंगवळणी पडले पाहिजे.

वृद्ध वा अशक्त व्यक्तींस अर्धस्वयंचलित पिस्तुलाची स्लाइड मागे खेचणे कठीण जाते. २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसनने .३८० बोअरचे, मुद्दाम हलक्या स्प्रिंगचे 'शील्ड ईझी' हे पिस्तूल आणले ते याच गरजेतून. हाताच्या पंजाचे माप व मनगटाची ताकद यांचा विचार गोळ्यांच्या संख्येच्या आधी व्हावयास हवा.

हातातून पडल्यावर शस्त्राने गोळी सोडू नये, ही अपेक्षा स्वाभाविक वाटते. पण ती गृहीत धरता येत नाही. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो आणि त्यावर आघात झाल्यास गोळी सुटू शकते. आधुनिक शस्त्रेही पूर्णतः निर्दोष नाहीत. सिग साऊरने २०१७ मध्ये पी ३२० या पिस्तुलाच्या बाबतीत, विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटण्याचे प्रकार उघड झाल्यावर, चापाच्या यंत्रणेत मोफत सुधारणा देऊ केली. महाराष्ट्रातील वाचकांस या संदर्भात अभिनेते गोविंदा यांची घटना आठवेल. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईतील घरी त्यांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून चुकून गोळी सुटून त्यांचा पाय जखमी झाला. शस्त्र ठेवताना ते हातातून पडले, असे त्या वेळी सांगण्यात आले.

होल्स्टर : दुर्लक्षित घटक

पिस्तुलावर पाचशे-सहाशे डॉलर्स खर्च करणारा ग्राहक होल्स्टरच्या बाबतीत काटकसर करतो, हा तेथील प्रशिक्षकांच्या तक्रारीचा कायमचा विषय. वस्तुतः भरलेले पिस्तूल दिवसाचे बारा तास सुरक्षित ठेवण्याचे काम होल्स्टरच करते. त्याने चाप पूर्णपणे झाकला पाहिजे आणि धावताना, वाकताना, पडतानाही शस्त्र धरून ठेवले पाहिजे. मूठ पहिल्याच प्रयत्नात पूर्ण पकडीत आली पाहिजे. शस्त्र काढल्यावर होल्स्टरचे तोंड उघडे राहिले पाहिजे, म्हणजे शस्त्र परत ठेवताना दुसरा हात नळीसमोर न्यावा लागत नाही. जुने, मऊ पडलेले चामडे आत दुमडून चापावर दाबले गेल्याने गोळी सुटल्याचे प्रकार घडले आहेत. त्यामुळे कठीण प्लॅस्टिकच्या साच्यातील होल्स्टर आता अधिक प्रचलित आहेत. त्यासोबत ताठ, रुंद पट्टा लागतो. साध्या पट्ट्यावर पिस्तूल लोंबते आणि मग माणूस चारचौघांत सारखा त्याला हात लावून सावरत राहतो. शस्त्र लपलेले नाही, हे ओळखण्याची याहून सोपी खूण नाही.

उजव्या नितंबाच्या किंचित मागे, पॅन्टच्या आत, ही पारंपरिक जागा. अलीकडे पोटाच्या पुढच्या बाजूस शस्त्र ठेवण्याची पद्धत लोकप्रिय झाली आहे. तेथून ते लवकर निघते व झटापटीत त्यावर ताबा ठेवता येतो. मात्र बसल्यावर नळी मांडीतील मुख्य रक्तवाहिनीच्या दिशेने राहते. शस्त्र परत ठेवताना शर्टाचे टोक चापात अडकले तर काय होईल, हे सांगावयास नको. ही जागा निवडणाऱ्याने शस्त्र काढण्यापेक्षा परत ठेवण्याचाच सराव अधिक केला पाहिजे.

पर्स वा पिशवी यांविषयी मतभेदाला फारसा वाव नाही. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातील हेडन येथील एका मोठ्या दुकानात एक परवानाधारक तरुण माता दोन वर्षांच्या मुलाला खरेदीच्या ढकलगाडीत बसवून चालली होती. शेजारी ठेवलेल्या पर्समध्ये, खास शस्त्रासाठीच्या कप्प्यात, पिस्तूल होते. मुलाचा हात तेथे पोहोचला, चाप ओढला गेला आणि माता जागीच मरण पावली. परवाना होता, पर्सही त्याच कामासाठी बनविलेली होती. परंतु शस्त्र अंगावर नव्हते, आणि अंगावर नसलेल्या शस्त्रावर सतत लक्ष ठेवणे लहान मुलांच्या आईला शक्य नसते.

प्रशिक्षण : किती व कशाचे

नॅशनल रायफल असोसिएशन ही आज राजकीय दबावगट म्हणून ओळखली जाणारी संस्था १८७१ मध्ये स्थापन झाली ती यादवी युद्धातील सैनिकांची ढिसाळ नेमबाजी पाहून, नेमबाजी शिकविण्यासाठी. तिचे राजकीय वळण प्रामुख्याने १९७७ नंतरचे. पिस्तुलाच्या आधुनिक आत्मसंरक्षणात्मक वापराचे शास्त्र मात्र मुख्यतः जेफ कूपर या निवृत्त मरीन अधिकाऱ्याच्या नावाशी जोडले जाते. त्यांनी १९७६ मध्ये ॲरिझोनात प्रशिक्षण संस्था काढली. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. जे नष्ट करावयाचे नाही त्यावर नळी रोखू नये. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. लक्ष्य व त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करावी. हे चार नियम आज जगभर याच क्रमाने शिकविले जातात. त्यांची रचना अशी आहे की एक नियम मोडला तरी दुसरा सांभाळून घेतो. अपघात होण्यासाठी बहुधा दोन नियम एकाच वेळी मोडावे लागतात.

वेळ किती असतो, हा दुसरा विचार. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखविले, की चाकू घेतलेला सुदृढ माणूस २१ फुटांचे अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. आणि प्रशिक्षित अधिकाऱ्यास होल्स्टरमधून शस्त्र काढून दोन नेमके वार करण्यासही तेवढाच वेळ लागतो. पुढे या २१ फुटांचा 'नियम' करून टाकण्यात आला व गोळीबाराच्या समर्थनार्थ तो सरसकट उद्धृत होऊ लागला. मूळ लेखाचा रोख तसा नव्हता. धोका लवकर ओळखा, अंतर राखा, आडोसा शोधा, हा त्याचा उपदेश होता. लपविलेल्या शस्त्राच्या बाबतीत शर्ट बाजूला करण्याचा वेळ यात आणखी मिळवावा लागतो.

प्रशिक्षित माणसाचा नेम प्रसंगी किती लागतो, याची आकडेवारी उपलब्ध आहे. न्यू यॉर्क शहर पोलिसांच्या प्रशिक्षणाचा रँड संस्थेने केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी सरासरी १८ टक्के, तर समोरून गोळीबार होत नसताना ३० टक्के गोळ्या लक्ष्यावर लागल्या. उरलेल्या गोळ्या कोठेतरी जातातच. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका मारेकऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या. त्या वेळी नऊ पादचारी जखमी झाले, आणि ते सर्व पोलिसांच्याच गोळ्यांनी वा त्यांच्या तुकड्यांनी. पगारी प्रशिक्षण घेणाऱ्यांची ही कथा.

आता याच्या शेजारी नागरिकाची परीक्षा ठेवून पाहावी. टेक्सासमध्ये परवाना ऐच्छिक झाला असला तरी तो घेणाऱ्यास ३, ७ व १५ यार्डांवरून ५० गोळ्या स्थिर कागदी लक्ष्यावर झाडाव्या लागतात व ७० टक्के गुण मिळवावे लागतात. त्यात होल्स्टरमधून शस्त्र काढणे नाही, हालचाल नाही, अंधार नाही आणि मुख्य म्हणजे 'गोळी झाडावी की नाही' हा प्रश्नच नाही. अठरा तासांच्या सक्तीचे जे समर्थक ती पुरेशी मानतात, त्यांचाही यात थोडा आत्मसंतोष आहे. दोन तासांच्या गोळीबारात सवय घडत नाही. ही परीक्षा म्हणजे शस्त्र हाताळण्याची किमान ओळख असून तिला प्रावीण्य म्हणणे धाडसाचे ठरेल.

सराव कोणता करावा, याबाबत अनुभवी प्रशिक्षकांत आश्चर्य वाटावे इतके एकमत आहे. आठवड्यातून काही मिनिटे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, रिकाम्या शस्त्राची दोनदा तपासणी करून, कपड्यांखालून शस्त्र काढण्याची व नेम न हलविता चाप ओढण्याची पुनरावृत्ती. महिन्या-दोन महिन्यांतून मैदानावर मोजक्या गोळ्या, त्याही तीन ते दहा यार्डांच्या टप्प्यात. जे काडतूस रोज बाळगावयाचे त्याच्या पुरेशा गोळ्या झाडून पिस्तूल ती अडखळल्याशिवाय खाते की नाही याची खातरजमा. आणि अडकलेले काडतूस मोकळे करण्याची सवय. उभे राहण्याच्या पद्धतीवर, म्हणजे १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या परिसरातील जॅक वीव्हर यांनी रूढ केलेली तिरकी ठेवण की दोन्ही हात सारखे ताणलेली समोरासमोरची, यावर पुष्कळ शाई खर्च झालेली आहे. तिचे महत्त्व फारसे नाही.

गोळी न झाडण्याचा निर्णय

तांत्रिक कौशल्यापेक्षा कठीण भाग विवेकाचा आहे. ८ जानेवारी २०११ रोजी टुसान येथे काँग्रेस सदस्या गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा जवळच्या दुकानातून एक सशस्त्र तरुण धावत आला. त्याला एका माणसाच्या हातात पिस्तूल दिसले. तो माणूस हल्लेखोर नव्हता. त्याने हल्लेखोराकडून शस्त्र हिसकावून घेतले होते. तरुणाने स्वतःचे पिस्तूल बाहेर काढले नाही, म्हणून एक निरपराध वाचला. जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतील अरवाडा येथे याच्या उलट घडले. पोलीस अधिकाऱ्याला ठार करणाऱ्या हल्लेखोरास एका नागरिकाने आपल्या पिस्तुलाने रोखले. मग त्याने हल्लेखोराची रायफल उचलली, आणि नंतर पोहोचलेल्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. काम संपल्यावर शस्त्र दिसता कामा नये, हात मोकळे हवेत, हा धडा वर्गात पाच मिनिटांत सांगता येतो. तो ऐकण्यासाठी वर्ग असावा लागतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १७ जुलै २०२२ रोजी इंडियानातील ग्रीनवुड येथील मॉलमध्ये तिघांचा बळी गेल्यानंतर २२ वर्षांच्या एका तरुणाने सुमारे ४० यार्डांवरून दहा गोळ्या झाडून हल्लेखोरास थांबविले. पोलिसांच्या माहितीनुसार त्यांपैकी आठ लागल्या. इंडियानाने परवान्याची सक्ती त्याच महिन्याच्या १ तारखेपासून उठविली होती. कायद्याच्या समर्थकांनी हे उदाहरण वारंवार दिले. मात्र त्या तरुणाला आजोबांनी नेमबाजी शिकविली होती, हा तपशील त्या मांडणीत मागे पडला.

अशा एकेका घटनेवरून धोरण ठरत नाही. जॉन लॉट यांच्या १९९८ च्या ग्रंथाने शस्त्रवहनाच्या मुभेने गुन्हे घटतात असे मांडले. २००४ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने उपलब्ध पुराव्यावरून असा निष्कर्ष निघत नाही असे म्हटले. तर डोनोह्यू व सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात असे कायदे स्वीकारल्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के अधिक आढळले.

घरातील शस्त्र

रस्त्यावरील अनोळखी हल्लेखोराची कल्पना करून शस्त्र घेतले जाते. ते अधिक काळ राहते मात्र घरात. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकांमुळे ४६,७२८ मृत्यू झाले, त्यांपैकी सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातील २ कोटी ६३ लाख प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला वैद्यकीय अभ्यास या बाबतीत अधिक बोलका आहे. पिस्तूल मालकीचे असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या तुलनेत सुमारे आठपट, तर स्त्रियांत सुमारे पस्तीसपट आढळले. शस्त्रनिवडीच्या मार्गदर्शनात बोअर, वजन व मॅगझिन यांवर पाने भरतात. कुलूपबंद पेटीवर एखादे वाक्य असते. घरात मुले असतील, कोणी नैराश्यातून जात असेल, मद्यपान होत असेल, तर निवडीचा पहिला प्रश्न पिस्तूल कोणते हा नसून आत्ता ते घ्यावे काय, हा आहे.

भारतीय संदर्भ

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा विषय प्रत्यक्ष भिडतो. एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीस संघीय कायद्याने बंदूक वा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकास ही मनाई लागू नाही. राज्यात परवाना लागत नाही याचा अर्थ आपल्यालाही मोकळीक आहे असा घेतल्यास, तो संघीय गुन्हा ठरू शकतो.

भारतात शस्त्र हा हक्क नसून १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली दिला जाणारा परवाना आहे. महाराष्ट्रात तो पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात आयुक्त व अन्यत्र जिल्हादंडाधिकारी देतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि लग्नसमारंभातील हर्षोत्साहाचा गोळीबार दंडनीय झाला. निवडीला येथे फारसा वाव नाही, कारण ९ मिलिमीटरसारखे बोअर नागरिकांस निषिद्ध आहेत. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२ बोअरचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. हलके शस्त्र स्त्रियांस सोयीचे, हे अमेरिकन दुकानातील जुने गृहीतक येथे शासकीय कारखान्याने उचलले, आणि ज्यांना संरक्षणाची गरज सर्वाधिक त्यांच्या आवाक्याबाहेरची किंमत लावली.

२०१६ च्या शस्त्र नियमांत मात्र दोन तरतुदी लक्ष वेधून घेतात. एक म्हणजे अर्जदारास शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे. दुसरी म्हणजे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते होल्स्टरमध्ये वा तत्सम आवरणात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या प्रभावी ताब्यात असले पाहिजे. १८१३ च्या केंटकीला लपविलेले शस्त्र भ्याडपणाचे वाटले. उघड्या शस्त्राने दहशत पसरते हे जाणून भारतीय नियमाने ते झाकावयास सांगितले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले, त्या खेळाची मैदाने व प्रशिक्षक कोल्हापूर-पुण्यासारख्या शहरांत आहेत. परंतु तेथे शिकविला जातो तो खेळ. झाकलेले शस्त्र काढावे कसे, परत ठेवावे कसे आणि मुख्यतः केव्हा काढूच नये, हे तेथील पाठ्यक्रमाचे काम नाही. भारतीय न्याय संहितेतील खाजगी बचावाची कलमे ३४ ते ४४ ही आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या कलमांचे वाचन शस्त्रसुरक्षेच्या प्रशिक्षणात समाविष्ट करण्यास खर्च काहीच नाही, आणि विधी महाविद्यालयांतील अध्यापक हे काम त्यांच्या जिल्ह्यातच करू शकतील.